पोट एकच आहे

"तुमच्या औषधाला साईड इफेक्ट नसतो म्हणून आले," असं कुणी म्हटलं की आमच्या वैद्यबाई खुर्चीतून उठायच्या. पेशंटला वाटायचं, कपाटातून औषध काढायला उठल्या. त्या दरवाज्याकडे बोट दाखवायच्या.

"म्हणजे माझ्या औषधात दमच नाही म्हणा की! पाणी पाजते का मी लोकांना? ज्याचा काही इफेक्ट आहे त्याला साईड इफेक्टही असणार. नसेल तर ते औषध नव्हे, प्रसाद. प्रसादासाठी देवळात जा."

एवढा अपमान करूनही तो पेशंट पुढच्या आठवड्यात परत यायचा. हे कसं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

नाशिक रोडला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर गाळे आहेत. एकात माझं मेडिकल स्टोअर, शेजारच्यात बाईंचा आयुर्वेदिक दवाखाना. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. सोसायटीत बहुतेक लोक इथल्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. सगळे एकमेकांना ओळखतात आणि एकमेकांच्या घरातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं समजतात. गाळा घेतला तेव्हा नवरा म्हणाला होता, "शेजारी वैद्य, म्हणजे तुझं गिऱ्हाईक तुटणार." उलटंच झालं. बाई लोकांना आधीच्या गोळ्या सोडू द्यायच्या नाहीत.

बाई मूळच्या बागलाणातल्या, नामपूरच्या. लग्न केलं नव्हतं. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर वडिलांचं पुरुषी घड्याळ. अंबाड्यात पेन खोवलेलं असायचं आणि ते शोधण्यात रोज सकाळ जायची. आवाज असा, की पार्टिशन असून नसल्यासारखं. संतापल्या की अहिराणीवर जायच्या. "हाई काय शे?" असं पलीकडून ऐकू आलं की मी समजायचे, कुणाची तरी पिशवी ओतली गेली.

ही पिशवी म्हणजे त्यांचा नियम. दवाखान्यात येताना, पोटात जातं ते सगळं एका पिशवीत भरून आणायचं. डॉक्टरच्या गोळ्या, वाण्याकडची चूर्णं, बहिणीने दिलेला काढा, मोबाईलवर बघून मागवलेला डबा, सगळं. मग टेबलावर एक पितळी परात होती, तिच्यात सगळ्यांसमोर ओतायचं. सगळ्यांसमोर म्हणजे अक्षरशः. दवाखाना म्हणजे एकच खोली. भिंतीला बाकडं, बाकड्यावर बसलेले पेशंट, आणि समोर परातीचं प्रदर्शन. "माझ्याकडे लपवाछपवी नाही," हे बाई अभिमानाने सांगायच्या. ओतून झालं की एकच शब्द विचारायच्या: "आणि?"

"बस, एवढंच."

"आणि?"

"सकाळी कारल्याचा रस घेतो थोडा."

"आणि?"

"ते... मेहुण्याने जांभळाच्या बियांची पावडर दिली आहे. पण ते नॅचरल आहे हो."

हा माणूस विंचूरचा कांद्याचा व्यापारी. शुगरच्या दोन गोळ्या चालू होत्या, वर हा रस आणि ही पावडर. रोज सकाळी अकराच्या सुमारास त्याला घाम फुटायचा, हात थरथरायचे, आणि तो समजायचा मार्केटचं टेन्शन आहे. नॅचरल म्हटल्याबरोबर बाई उठल्या, दारातल्या कुंडीतून धोतऱ्याचं एक फळ तोडून आणलं आणि त्याच्यापुढे धरलं. "घ्या, हेही नॅचरल आहे. खा."

तो मागे सरकला. "अहो बाई, मरायचंय का मला!"

"ती तयारी तुम्ही चालवलीच आहे. एका गाडीला चार बैल जुंपलेत आणि गाडी उताराला लागली आहे. गोळी साखर उतरवते, रस साखर उतरवतो, बीही उतरवते. उतरून उतरून कुठे जाणार? टोल नाक्यावर गाडी चालवताना शुद्ध गेली म्हणजे?"

मग पार्टिशनवर थाप. "अगं ए, ह्या पांढऱ्या गोळीत काय आहे बघून सांग!" मी गिऱ्हाईक सोडून सांगायचे. हे इतक्यांदा व्हायचं की शेवटी मी पार्टिशनला एक खिडकी पाडून घेतली. सुताराचे पैसे मी दिले. बाईंनी मला बडीशेप दिली.

धोतऱ्याच्या कुंडीवरून सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना नोटीस काढली होती. विषारी झाड सार्वजनिक जागेत ठेवू नये. बाईंनी निरोप पाठवला, "सेक्रेटरी खाणार असतील तर हलवते." कुंडी राहिली.

डॉक्टरांविषयी त्या कधी वाईट बोलल्या नाहीत. स्वतःच्या शास्त्राविषयी मात्र चांगलंच बोलायच्या, आणि त्यातूनच हा सगळा कडकपणा आलेला होता. ज्येष्ठमध त्यांना फार प्रिय. पण आमच्याच बिल्डिंगमधले एक भजनी आजोबा गळ्यासाठी दिवसभर ज्येष्ठमध चघळायचे. त्यांचं ब्लडप्रेशर गोळ्या वाढवूनही उतरेना, पायांना सूज. बाईंनी त्यांच्या खिशातली पुडी हिसकावून घेतली.

"अहो, पण हे तुमचंच औषध ना? तुमच्याच कपाटात बघितलंय मी," आजोबा म्हणाले.

"माझं आहे म्हणूनच मला माहीत आहे ते काय करतं ते. ताकदीचं आहे. तुम्ही चॉकलेटसारखं खाताय."

आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य: "डॉक्टर दोन असू देत, तीन असू देत. पोट एकच आहे."

मला भावनाबिवना फारशा जमत नाहीत. धंदा म्हणून बघितलं तरी मला ही बाई पटायची. मी काउंटरवर उभी राहून रोज बघत होते. डॉक्टरकडे जाणारे लोक काढ्याचं सांगत नाहीत, कारण डॉक्टर हसतील. वैद्याकडे जाणारे गोळीचं सांगत नाहीत, कारण वैद्य रागावतील. दोघांच्या मधली ही जागा सांभाळणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. ती जागा सांभाळताना बाईही एकदा चुकल्या. त्यानंतर त्या जशा वागल्या त्याबद्दल मला त्यांचा जास्त अभिमान आहे.

आमच्या सोसायटीत एक कुटुंब होतं, अजून आहे. वडील प्रेसमध्ये, आई घरी शिकवण्या घेणारी, मुलगी बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला, मुलगा दहावीत. मुलीला लहानपणी फिट येत होत्या. हे घरच्या चौघांना आणि शहरातल्या एका मेंदूच्या डॉक्टरांना माहीत होतं, इतर कुणालाही नाही. गोळ्यासुद्धा माझ्याकडून घेत नसत. पार शहरात शालिमारला जाऊन घेत, कारण माझ्या दुकानातून काय जातं हे दुकानात उभ्या असलेल्या दहा बायकांना दिसतं. मुलीचं लग्न व्हायचं होतं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. फिट येणाऱ्या मुलीबद्दल लोक काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे.

गोळ्यांनी फिट कितीतरी वर्षं थांबलेल्या होत्या. त्या वर्षी परत सुरू झाल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळीचं प्रमाण रक्तात कमी आलं, म्हणून डोस वाढवला. तरी फिट येतच होत्या. हे अर्थात आम्हाला नंतर कळलं.

आम्हाला कळलं ते असं. दुपारची वेळ, माझं शटर अर्धं खाली. ती मुलगी वाकून आत आली, शाम्पू मागितला, आणि मी वळले तर ती फरशीवर. हातपाय ताठ, डोळे वर. मी खिडकीतून ओरडले, "बाई!" बाई आल्या. मी घाबरून तिच्या तोंडात चमचा घालायला निघाले होते. बाईंनी माझा हात झटकला.

"काही घालायचं नाही तोंडात. कुशीवर वळव. डोक्याखाली तो कापसाचा गठ्ठा दे. आणि गप्प बस."

फिट थांबली. मुलीने डोळे उघडले, पण ती अजून भानावर नव्हती. मी तिच्या आईला फोन केला. तेवढ्या वेळात बाईंनी बोटाने हलकेच तिचा ओठ वर केला आणि हिरड्या बघितल्या. हिरड्या जाड, दातांवर चढल्यासारख्या. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. आम्हा दोघींना कळलं, कारण फेनिटॉइन नावाची फिटवरची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर हिरड्या अशा होतात.

आई धावत आली. शटरखालून आत शिरली आणि पहिलं काम काय केलं, तर मागे हात घालून शटर पार खाली ओढलं. दुकानात अंधार झाला. मग म्हणाली, "कुणी बघितलं का?"

"आम्ही दोघींनी," बाई म्हणाल्या. "लाईट लाव गं. किती वर्षं गोळी चालू आहे हिला?"

"कसली गोळी? उपाशी होती, चक्कर आली असेल. परीक्षेचं टेन्शन..."

"हिच्या हिरड्या सांगताहेत मला. तू नको सांगूस."

आई खाली बसली, मुलीचं डोकं मांडीवर घेतलं. मग सांगितलं. सातवीत असल्यापासूनचं. शहरातल्या डॉक्टरांचं, वाढवलेल्या डोसचं.

"आणि?" बाई म्हणाल्या.

"आणि काही नाही."

"आणि?"

आईने मुलीचे केस मागे सारले. मग अगदी हळू म्हणाली, "तुमचं शंखपुष्पीचं सिरप."

बाईंचं सिरप त्या स्वतः बनवायच्या. परीक्षेच्या दिवसांत आया ते न्यायला यायच्या. पोरांची बुद्धी तल्लख होते म्हणून. ह्या आईने दहावीतल्या मुलासाठी म्हणून नेलं होतं. बाईंनी विचारलंही होतं, त्याला दुसरं काही चालू आहे का, आणि मुलाला खरंच काही चालू नव्हतं. घरी गेल्यावर तिच्या मनात आलं, मुलीचीही परीक्षाच आहे, आणि औषध तर झाडाचं. एक चमचा तिला, एक चमचा त्याला.

बाई माझ्या स्टुलावर बसल्या. 

"त्या गोळीचं आणि शंखपुष्पीचं जमत नाही," त्या म्हणाल्या. "शंखपुष्पी पोटात गेली की रक्तात गोळी टिकत नाही. डॉक्टर वरून ओततोय, आणि खालून माझं सिरप भोक पाडतंय."

"आत्ता जाऊन मोरीत ओतते ती बाटली!" आई उठलीच.

"बस खाली! तेवढंही स्वतःच्या मनाने करू नकोस. त्यांनी डोस वाढवलाय तो माझं सिरप आत आहे म्हणून. ते काढलंस की तोच डोस अंगावर येईल. पोरगी झिंगल्यासारखी चालेल, एकाचे दोन दिसतील. बंद करायचंच आहे, पण त्यांच्या कानावर घालून. आज. आत्ता."

मग आई बोलली. रडत नव्हती, रागात होती. "तुम्ही म्हणता सगळं पिशवीत आणा. आणलंही असतं. पण तुमच्या परातीत ओतायचं कसं? बाकड्यावर निम्मी सोसायटी बसलेली असते. माझ्या पोरीच्या गोळ्या त्यांच्यासमोर ओतू? संध्याकाळच्या आत सगळीकडे झालं असतं."

ह्यावर बाई काहीतरी फाडकन बोलतील असं मला वाटलं. त्या उठल्या, पेन शोधलं, ते अंबाड्यातच होतं, आणि म्हणाल्या, "रिक्षा बघ."

आम्ही चौघी गेलो. त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाई बाकावर बसल्या, मांडीवर स्वतःच्या हाताने लेबल लावलेली बाटली. मी म्हणाले, "बाई, तुम्ही आत नाही आलात तरी चालेल. मी सांगते. उगाच ते आयुर्वेदाला नावं ठेवतील."

"ठेवू देत. औषध माझं आहे. चांगला गुण आला असता तर मीच मिरवलं असतं ना?"

डॉक्टर बाईंच्या वयापुढे मुलासारखे. बाईंनी बाटली टेबलावर ठेवली. "मी वैद्य. हे माझं. ही मुलगी तुमच्या गोळीबरोबर हे घेतेय." त्यात काय काय आहे ते सगळं सांगितलं. कुठली वनस्पती, किती प्रमाणात, केव्हापासून. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग ते आईकडे वळले, जरा चिडूनच.

"मी विचारलं होतं तुम्हाला, दुसरं काही चालू आहे का. नाही म्हणालात."

"मीही विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "मुलासाठी न्यायला आली तेव्हा. मुलीचं मलाही नाहीच सांगितलं. तुमच्याकडे लाज वाटली, माझ्याकडे माणसं बसली होती. तिला बोलू नका. आपण दोघांनी जागाच ठेवली नाही तिला सांगायला."

डॉक्टरांनी बाटली उचलली, वास घेतला, परत ठेवली. "मला वाटलं होतं, ही गोळी आता चालत नाही," ते म्हणाले. "पुढच्या वेळी बदलणार होतो." त्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं, सिरप बंद केल्यावर डोस कसा उतरवायचा ते ठरवलं, आणि काही दिवस रोज फोन करायला सांगितलं. स्कूटर बंद. मुलगी पहिल्यांदाच बोलली, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "मी सांगेपर्यंत." तिला ते पटलं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण ऐकलं तिने.

फिट थांबल्या. तिने परीक्षा दिली.

त्याच आठवड्यात बाईंनी सुतार बोलावला. दवाखान्याच्या एका खोलीच्या दोन झाल्या. बाहेर बाकडं, आत टेबल आणि परात, मध्ये दार. एका वेळी एकच पेशंट आत, आणि दार लावलेलं. ज्या बाईने आयुष्यभर "लपवाछपवी नाही" म्हणून छाती पुढे काढली, तिने.

सोसायटीने ह्याची फार मजा घेतली. बाकडं म्हणजे लोकांचं थिएटर होतं, ते बंद झालं. "बाईंना आता एसी बसवायचाय." "बाईंचा भाव वाढला." "म्हाताऱ्या झाल्या, माणसं नको झालीत." समोरासमोर विचारणारेही होते. "बाई, दार का हो?"

"आवाजाचा त्रास होतो मला," बाई सांगायच्या. त्यांच्या त्या आवाजात! लोक तोंड लपवून हसायचे. बाई हसू द्यायच्या. दुसऱ्याचं खोटं नेमकं पकडणाऱ्या ह्या बाईला स्वतःला खोटं अजिबात बोलता यायचं नाही. तरी त्या हेच एक वाक्य बोलत राहिल्या. मी एकदा म्हणाले, "दुसरं काही तरी कारण सांगा, निदान पटेल असं." म्हणाल्या, "पटलं नाही तरी चालेल. विषय बदलतो तेवढ्यात."

मुलगी शिक्षिका झाली. लग्न ठरताना तिने मुलाला स्वतःच सगळं सांगितलं, पहिल्याच भेटीत. तो म्हणे "बरं" म्हणाला आणि फिट आली तर काय करायचं ते विचारून घेतलं. पण तिच्या आईचं तोंड सोसायटीत बंदच होतं. मुलीच्या संसाराला आता काही धोका नव्हता, तरी इतक्या वर्षांची सवय.

बाईंचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी दवाखाना बंद करून नामपूरला भाच्याकडे जायचं ठरवलं. सोसायटीने हॉलमध्ये सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, गुच्छ. बाई स्टेजवर बूट घालून बसल्या होत्या आणि वैतागलेल्या दिसत होत्या. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. चांगले गृहस्थ, पण माइक मिळाला की सुटत नाहीत. "बाईंच्या औषधाला कधी साईड इफेक्ट नव्हता," हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. सत्कार म्हणून सोसत होत्या.

मग अध्यक्ष विनोदाकडे वळले. "फक्त एक तक्रार आहे हां बाई! शेवटी शेवटी तुम्ही दार लावून घेतलंत. आम्हा गरिबांचं तोंड बघायचा कंटाळा आला की काय?"

हॉल हसला. बाईंनी तोंड उघडलं. आवाजाचा त्रास, हेच म्हणणार होत्या.

तेवढ्यात मधल्या रांगेतून मुलीची आई उठली. मुलगी शेजारी बसली होती, तिनेही आश्चर्याने वर बघितलं.

"अध्यक्षसाहेब, ते दार माझ्यामुळे आहे," ती म्हणाली. शिकवण्या घेणारा आवाज, माइकची गरज नव्हती. "माझ्या मुलीला फिट येतात. सातवीपासून. मी तुम्हा सगळ्यांपासून लपवलं आणि बाईंपासूनही लपवलं. बाईंचं औषध मी न सांगता तिला पाजलं आणि तिचं दुखणं वाढलं. बाई स्वतः बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. आणि मला सांगायला जागा नव्हती म्हणून त्यांनी दार केलं. तुम्ही हसत होतात आणि त्या ऐकून घेत होत्या. आता नका हसू."

"बस खाली!" बाई स्टेजवरून ओरडल्या. "कुणी विचारलंय तुला?"

"नाही बसत," ती म्हणाली आणि उभीच राहिली. मुलीने तिचा हात धरला.

 अध्यक्षांनी माइक खाली केला. मग शेवटच्या रांगेतल्या एक आजीबाई, मनमाडकडून मुलाकडे राहायला आलेल्या, पदर सावरत म्हणाल्या, "माझ्या नातवाला बी येत्यात. आम्ही त्याला लय कायकाय देतो. गावाकडचं पण, डाक्टरचं पण. कुणाला सांगितलं नाय."

त्यांचा मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता.

बाई उठल्या. गुडघ्यांमुळे स्टेजच्या पायऱ्या उतरायला वेळ लागला, मी हात द्यायला गेले तर झटकला. शाल खांद्यावरून घसरत होती, नारळ हातातच होता. शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या, एक खुर्ची ओढली आणि त्या आजीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. अध्यक्ष म्हणाले, "बाई, कार्यक्रम..." बाईंनी मागे न बघता हात हलवला, जा म्हणून.

मी दोन रांगा पुढे होते. त्या काय विचारत होत्या ते मला काही केल्या ऐकू येईना, इतक्या हळू बोलत होत्या.